इक्वाडोरचं वाक्य पूर्ण होईपर्यंत

अन्याय झाला तो मयूरी चौधरीवर. गेल्या सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीच्या अगदी तोंडावर, पुण्यातल्या एका कॉलेजच्या गारेगार सभागृहात झाला. साक्षीदार म्हणून सभागृहभर राज्यशास्त्राची मुलंमुली होती. त्यातली एक मी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. राज्यशास्त्र शिकणारी मुलं वर्षातून एकदा जगातल्या देशांची खोटी सभा भरवतात. चिठ्ठ्या टाकून देश वाटून घ्यायचे आणि दोन दिवस त्या देशाच्या वतीनं भांडायचं. मयूरी धुळ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या चिठ्ठीत निघाला इक्वाडोर. दक्षिण अमेरिकेतला देश, जगाला केळी विकणारा. आणि ही पोरगी यावल तालुक्यातल्या केळीच्या बागेत वाढलेली! इंग्रजीतलं भाषण तिनं नीट वाचून दाखवलं. मग कुणीतरी उलट प्रश्न टाकला. तिनं हातातला कागद खाली ठेवला, समोर बघितलं आणि मराठीत सुरुवात केली, "केळी पिकवणाऱ्या दोन देशांनी एकमेकांशी..."

ठोक ठोक. अध्यक्षांची हातोडी. सभेची भाषा इंग्रजी आहे, प्रतिनिधींनी खाली बसावं, आणि हो, जेवणाची वेळ झालीच आहे. खुर्च्या सरकल्या. सगळं सभागृह पनीरच्या दिशेनं उठलं. मयूरी माइकपाशी उभीच. खऱ्या जागतिक सभेत सहा भाषा चालतात, आणि सातवीत बोलायचं असेल तर दुभाष्या आणून खुशाल बोलता येतं. पुण्यातल्या खोट्या सभेत मात्र महाराष्ट्राची भाषा चालत नाही. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मला तेवढंच येतं. पण त्या वाक्याचा शेवट काय होता हे मला कळलं नव्हतं, आणि ते मला सारखं टोचत होतं.

डिसेंबरात मयूरीचा फोन आला. "सायलीताई, एम.ए.ला पुण्यात यायचं म्हणत होते ना मी? आंतरराष्ट्रीय संबंध घेऊन? नाना नाही म्हणतात."

"का? मुलगी म्हणून?"

"नाही हो. तुमचं पत्रक वाचून. जिथं तुला बोलू दिलं नाही तिथं मी तुला पाठवणार नाही म्हणतात. आता तुम्हीच या आणि समजवा."

म्हणजे मी अन्यायाविरुद्ध लिहिलं आणि त्याच लिहिण्यानं पोरीचा रस्ता बंद झाला. जाणं भागच होतं.

जळगाव

मी गुहागरची. आमच्याकडे जळगाव म्हटलं की ऊन. दर उन्हाळ्यात बातम्यांत तापमानाच्या आकड्याशेजारी हेच नाव असतं. म्हणून मी जानेवारीत सुती कुर्ते, टोपी आणि कोकम सरबताची बाटली घेऊन निघाले. भल्या सकाळी जळगाव स्टेशनवर उतरले आणि दात वाजायला लागले. फलाटावरची माणसं कानाला मफलर गुंडाळून माझ्या उघड्या दंडांकडे करुणेनं बघत होती.

मयूरी शाल घेऊनच आली होती. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. मग शाल माझ्या अंगावर टाकता टाकता, इतके महिने मनात ठेवलेलं बोलली. "ताई, तुमच्या पत्रकात लिहिलंय, की मी अश्रू ढाळत मंचावरून उतरले. मी रडले नव्हते."

"डोळ्यांत पाणी होतं तुझ्या."

"मला भूक लागली होती. आणि राग आला होता. दोन्ही खरं लिहायचं ना."

वर भरपूर शेव पेरलेले पोहे खाताना मी तिला ताबडतोब विचारलं, "ते वाक्य काय होतं? दोन देशांनी एकमेकांशी काय?"

"ते आत्ता नाही सांगणार."

"का?"

"सभेत बोलायचं होतं ते. पोह्याच्या गाडीवर नाही."

असा स्वाभिमान मला आवडतो. पण मला तिचा रागही आला, हे लपवत नाही.

यावलकडे जाणारी एसटी तापी ओलांडते आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी सुरू होतात. आमच्याकडे केळ म्हणजे न्हाणीघराच्या मागे, सांडपाण्यावर आपोआप वाढलेली दोन झाडं. पूजेला पान हवं तेव्हा तिची आठवण होते. इथं केळी भिंतीसारखी उभी असते. एक बाग संपते न संपते तोच दुसरी. खाली ठिबकच्या काळ्या नळ्या, वर पिशव्या चढवलेले घड, आणि बांधाबांधावर धुराच्या रेघा. मला वाटलं कचरा जाळतायत. मयूरी म्हणाली, थंडीनं केळी आजारी पडते, म्हणून पहाटे शेकोट्या पेटवून बागेला ऊब देतात. माझ्या अंगावर शाल आणि केळीला शेकोटी. त्या सकाळी आम्ही दोघी सारख्याच लाडात होतो.

एसटीत आम्ही सार्वभौमत्वावर वाद घातला. मी म्हणत होते, आज कुठलाही देश खरा सार्वभौम नाही, बाजार ठरवतो. ती म्हणत होती, असं म्हणणं सोपं आहे, कारण मग कुणालाच जबाबदार धरता येत नाही. पुढच्या बाकावरचे एक आबा बराच वेळ ऐकत होते. शेवटी वळून म्हणाले, "बाई, कोनाच्या जमिनीचा वाद चालू हाये? कोर्टात गेले का नाही अजून?"

नानांचं घर

मयूरीचे वडील म्हणजे नाना. उंच, सावळे, बोलायच्या आधी समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे. माझ्यासारख्या बाईला असा माणूस फार जड जातो. मी ओसरीवर बसून मुद्दे मांडायला सुरुवात केली. शिक्षणाचा हक्क, भाषेचा हक्क, ग्रामीण विद्यार्थ्यांची गळचेपी. नाना ऐकत राहिले. माझे मुद्दे संपले. तरी ते ऐकतच राहिले.

"झालं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"तुम्ही पुण्याच्या का?"

"नाही, गुहागरची. पुण्यात शिकते."

"मग तिथं तुम्हाला बोलू देतात का?"

"मी न विचारताच बोलते."

"ते दिसतंच हाये," नाना म्हणाले. आतून मयूरीची आई हसली. नानांच्या मिशीतही थोडंसं हलल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी त्यांचं म्हणणं सांगितलं. आवाज चढला नाही. "पोरीनं शिकू नये असं मी म्हणत नाही. दिल्लीला जाऊ दे, परदेशी जाऊ दे. पण तुमच्या त्या लोकांनी काय केलं? पाहुणी बोलावली. तिचं बोलणं तोंडात होतं आन् हे जेवाले उठले. आमच्याकडे पंगतीत शेवटच्या माणसाचं ताट संपत नाही तोवर पहिला माणूस हात धुवाले उठत नाही. कितीही घाई असू द्या. लहान पोरगं असलं तरी त्याच्यासाठी बठ्ठे थांबतात. हे मले माझ्या बापानं शिकवलं, कोनत्या कॉलेजात शिकलो नाही. तुमच्या राज्यशास्त्रात हे शिकवत नाहीत का?"

आमच्या राज्यशास्त्रात सामाजिक करार शिकवतात. न्यायाची तत्त्वं शिकवतात. चर्चेतून लोकशाही कशी फुलते यावर मी स्वतः निबंध लिहिलाय आणि त्याला चांगले गुणही मिळालेत. पण समोरच्याचं संपेपर्यंत बूड हलवायचं नाही, इतकं साधं कलम कुठं वाचल्याचं मला आठवेना.

दुपारी जेवताना मी ते प्रत्यक्ष बघितलं. आमच्या घरी ज्याचं झालं तो उठतो, कारण कुणाला तरी एसटी गाठायचीच असते. इथं नानांचं जेवण केव्हाच आटोपलं होतं. माझं रखडलं होतं, कारण ज्वारी आणि उडदाची कळण्याची भाकरी मी पहिल्यांदाच मोडत होते आणि ती मला मोडू देत नव्हती. नाना, मयूरी, तिची आई, तिघं वाळलेल्या हातांनी बसून राहिले. घाई कुणीच केली नाही. मला मात्र घाम फुटला.

"सावकाश होऊ द्या," मयूरीची आई म्हणाली. "आमच्याकडे ताटावरून कोनी उठवत नाही."

मी नानांना म्हटलं, "तुम्ही मयूरीला बोलताना कधी ऐकलंय?"

"घरात रोजच ऐकतो."

"तसं नाही. सभेत."

नानांनी नाही अशी मान हलवली. मयूरी माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. तिनं आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. रविवारी तिच्या वर्गातली मुलं भरीत खायला बागेत येणारच होती. येताना प्रत्येकानं एकेक देश घेऊन यायचं, असा निरोप तिनं देऊन टाकला होता. पुण्यातली सभा तिथं अर्धी राहिली, ती इथं पूर्ण करायची. अध्यक्ष मी. मला विचारण्याची गरज तिला वाटली नव्हती.

केळीच्या बागेतली सभा

रविवारी सकाळी धुळ्याहून एक जीप भरून जग आलं. ब्राझील, इराण, जपान, आणखी बरेच. अमेरिका म्हणजे धरणगावचा दर्शन जैन. त्याच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन कापसाचा व्यापार सुरू केला, अजूनही दुकान तेच आहे. मी विचारलं, अमेरिका तुलाच का? तो म्हणाला, "दीदी, गिऱ्हाईक आपल्याकडून उठून जायला लागलं की त्याला परत कसं बसवायचं हे मला गल्ल्यावर बसून येतं. तेच तर परराष्ट्र धोरण शे!"

नानांनी गावातल्या बागाईतदारांना सहज बोलावलं होतं. दहा-बारा माणसं येतील असं वाटलं होतं. अर्धं गाव आलं. आणि गाव आलं की सत्कार आलाच. नकली असले तरी हे देश पाहुणे होते. प्रत्येक देशाला टोपी, उपरणं आणि नारळ. देश मुलगी असेल तर वर हळदीकुंकू आणि ब्लाउजपीसही. एक गुरुजी उत्साहानं नावं पुकारत होते, "यानंतर जपान या देशाच्या सुकन्या यांचं स्वागत आपल्या गावच्या महिला मंडळाच्या वतीनं..." इराण आणि अमेरिका शेजारी शेजारी बसले होते, एकाच थानातली उपरणी गळ्यात घालून. पुण्याच्या सभेत सगळ्यांना कोट सक्तीचे होते. मी प्रामाणिकपणे सांगते, जग टोप्यांमध्ये जास्त चांगलं दिसतं.

बाजूला तुरीच्या काड्यांचा जाळ पेटला होता. त्यावर हिरवट पांढरी, दुधीएवढी वांगी काळी होईपर्यंत भाजत होती. मग सालं काढून, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायची. वरून तेल, शेंगदाणे, कांद्याची पात. तसली एक जादा मुसळी भरीत करणाऱ्यांनी मला हातोडी म्हणून दिली. सभा सुरू झाली.

विषय तोच, जगातल्या शेतमालाचा व्यापार. पहिले दोन-तीन देश सुरळीत बोलले. मग मयूरी उभी राहिली. "मी इक्वाडोर देशाची प्रतिनिधी. आमची केळी जगभर जातात."

प्रेक्षकांतून लगेच आवाज आला, "काऊन जातात? आमची काय वाईट हायेत?"

हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पुण्यातल्या श्रोत्यांना इक्वाडोर म्हणजे नकाशावरचा ठिपका. इथं समोर बसलेल्या प्रत्येकाला तो धंद्यातला वैरी. माणसं विसरूनच गेली, की ही आपल्या नानांची मयूरी आहे. एकानं विचारलं, तुमचं केळं जहाजात इतके दिवस राहून पिवळं कसं होत नाही? दुसऱ्यानं विचारलं, तुमच्याकडे मजुरी किती, खरं सांगा. तिसरे, गावातले एक म्हातारे आबा, तर उठून उभेच राहिले. "तुम्ही आखातातलं आमचं गिऱ्हाईक फोडलं! आता टोपी घालून आमच्याच बागेत बसता?"

"टोपी तुम्हीच घातली, आबा," इक्वाडोर म्हणाला. हशा पिकला, पण आबा काही बसेनात.

आणि मग नाना उठले. "एक मिनिट. इक्वाडोर हा देश हाये?"

"हो नाना," मयूरी म्हणाली.

"मले वाटलं कंपनी हाये. मुंबईच्या फळबाजारात केळ्यावर ते गोल चिकटवलेलं असतं ना? इतके वर्ष मी त्या कंपनीला शिव्या देऊन रायलो."

सगळी बाग हसली. नानाही हसले. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, "देश हाये तर मग सांगा. तुमचा भाव आमच्यापेक्षा कमी कसा पडतो? घरच्यासारखं सांगू नका. इक्वाडोरसारखं सांगा."

मयूरीनं उत्तर द्यायला सुरुवात केली. मोठी बंदरं, मोठ्या बागा, त्यांतले मजूर, ज्यांना औषधाची फवारणी अंगावर घेत काम करावं लागतं. आमचा स्वस्त भाव कुणाच्या तरी फुप्फुसांतून येतो, असं ती म्हणाली. इक्वाडोरची प्रतिनिधी इक्वाडोरचीच लाज काढतेय म्हणून दर्शननं अमेरिकेच्या वतीनं हरकत घेतली. "सभापती, या मॅडमना त्यांच्याच सरकारनं परत बोलवावं!" ब्राझीलनं आरडाओरडा केला. आबा अजून उभेच होते. गोंधळ वाढला. तिकडून भरिताचा वास यायला लागला, पुऱ्या तळून झाल्या, आणि मयूरीच्या आईनं मला खूण केली, की गार होतंय.

मी मुसळी उचलली, पाटावर दोनदा आपटली आणि मोठ्यानं म्हणाले, "शांतता! उरलेली चर्चा जेवणानंतर..."

कुणीही उठलं नाही.

एक माणूस नाही, एक पोर नाही. मी एकटीच उभी, हातात मुसळी. इतका वेळ भांडणाऱ्या आबांनी माझ्याकडे बघून हात हलवला. "बसा, अध्यक्ष बाई. पोरीचं झालं नाही अजून." आणि स्वतःही बसले, इक्वाडोरचं ऐकायला. त्या पंगतीत जेवायची घाई फक्त एकट्या मला झाली होती. पत्रक लिहिणारीला.

मी बसले. मयूरीनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती दोन पावलं पुढं आली आणि ते वाक्य, जे सप्टेंबरापासून माझ्या डोक्यात अर्धं लटकत होतं, ते तिनं पूर्ण केलं.

"केळी पिकवणाऱ्या दोन देशांनी एकमेकांशी भाव पाडून लढायच्या आधी एकदा समोरासमोर बसून बोलावं. घेणारा आपल्याला वेगवेगळ्या खोल्यांत बोलावतो. तुम्हाला सांगतो इक्वाडोर स्वस्त देतो, आणि आम्हाला सांगतो भारत स्वस्त देतो. तुम्ही मला कधी पाहिलं नाही, मी तुम्हाला पाहिलं नाही, आणि इतकी वर्षं आपण एकमेकांना शिव्या देतोय. नाना, तुम्ही मला कंपनी समजलात. तिकडचा शेतकरीही तुम्हाला कंपनीच समजत असेल. राष्ट्रं अशीच एकमेकांना ओळखतात, चिकटवलेल्या कागदावरून. मला हा विषय शिकायचाय तो एवढ्यासाठी, की कुणीतरी त्या दोन खोल्यांमधलं दार उघडायला पाहिजे."

मग आबा म्हणाले, "बरोबर हाये. पण भाव कोन ठरवणार?" आणि पुन्हा भांडण सुरू झालं, आता जास्त चांगलं. इराण म्हणाला, आमच्याकडे माल पोचतो पण निर्बंधांमुळे बँका पैसे अडवतात. अमेरिकेनं खाली मान घालून उपरणं नीट केलं. शेवटी ठराव झाला, की केळी पिकवणाऱ्यांनी दरवर्षी एकत्र बसावं. ठरावाच्या बाजूनं सगळ्या गावानं हात वर केले. गावाला मताचा हक्क नव्हता, पण ते कुणी कुणाला सांगायचं?

भरीत खरंच गार झालं होतं. केळीच्या पानावर, पुरीशी, मुळ्याच्या चकत्यांबरोबर आम्ही ते तसंच खाल्लं. आम्हा कोकणातल्यांना सुक्या मासळीशिवाय थंडी कळत नाही. पण त्या दिवशी मी वांग्यापुढं शरण गेले. आबांनी आग्रहानं माझ्या पानावर तिसऱ्यांदा वाढलं. "घ्या. इक्वाडोरलाही द्या. बिचारी लांबून आली हाये."

नाना पंगतीत माझ्या समोर बसले होते. सगळ्यांचं होईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे बोलणार होती ती तिथं?"

"हो."

"आन् ते पनीर खायाले उठले?"

"हो."

नानांनी पान मधोमध दुमडलं. "यंदा परत आहे का ती सभा?"

"सप्टेंबरात."

"मी येतो. मागच्या रांगेत बसतो. पोरीला मराठीत बोलू दिलं, आन् तिचं संपेपर्यंत कोनी उठलं नाही, तर एम.ए.चं पुढच्या वर्षी पुण्यालाच. उठले, तर नाही. माझा शब्द हाये हा. तुम्ही पाहिजे तर छापा."

म्हणून छापतेय.

एरंडोलच्या वाटेवर

सोमवारी दर्शनच्या जीपमधून आम्ही धुळ्याकडे निघालो. एरंडोलजवळ पद्मालयाला थांबलो. जंगलातला कमळांचा तलाव, आणि गाभाऱ्यात एक नाही, दोन गणपती, शेजारी शेजारी. दर्शन हात जोडून बाहेर आला आणि म्हणाला, "बघा, सायलीदीदी. एका गाभाऱ्यात दोन सत्ता, आणि इतके वर्ष सीमावाद नाही." मयूरीनं त्याला तलावात ढकलायची धमकी दिली. पुढं जीपचं चाक पंक्चर झालं. चाक बदलताना अमेरिकेनं जॅक उलटा लावला, आणि इक्वाडोरनं तो सरळ केला. इराण सावलीत बसून चणे खात होता. मी यावर काही भाष्य करत नाही.

धुळे

धुळ्यात मयूरी आत्याकडे राहते. सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांच्या घरात अहिराणीच चालते. दारातच त्यांनी मला विचारलं, "कथाईन उनी व माय?" कुठून आलीस, असं. मी म्हटलं, कोकणातून. "इतली लांबथून? आनि भूक नही लागनी? बठ्ठं बोलनं नंतर, पहिले जेवाले बस."

शेवभाजी. काळ्या मसाल्याचा तेलाळ तवंग, त्यात जाड शेव. कोकणातल्या माणसाला तिखट म्हणजे नारळाच्या मागं लपलेली मिरची. इथं मिरचीला लपायला जागाच नाही. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. मयूरीनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि अतिशय शांतपणे म्हणाली, "आता लिहा. अश्रू ढाळत."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वर्गात बसले. आणि इथं मला थोडं चिडू द्या, कारण बराच वेळ मी हसत लिहितेय. आंतरराष्ट्रीय संबंधांचा तास. वर्गाच्या खिडकीतून चौपदरी रस्ता दिसतो. गुजरातचे, मध्य प्रदेशचे ट्रक अखंड जातात. जगाचा व्यापार खिडकीबाहेरून वाहतोय आणि मुलांच्या हातात गाइड आहे. त्यात प्रत्येक प्रश्न एकाच साच्यातला. 'स्वरूप व व्याप्ती सांगा.' 'महत्त्व विशद करा.' कोणत्याही गोष्टीबद्दल 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न त्या गाइडात नाही. शिकवणारे सर मनापासून शिकवतात, पण ते तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर नाही, पुढच्या वर्षी ठेवतील की नाही माहीत नाही. जे सर युद्ध आणि शांततेवर बोलतात त्यांना स्वतःच्या जूनची खात्री नाही. मी त्यांना हे बोलून दाखवलं. ते हसून म्हणाले, "म्हणून तर मला लहान देशांचं परराष्ट्र धोरण फार चांगलं कळतं."

तास संपल्याची घंटा झाली. जपान प्रश्न विचारत होती. मला वाटलं, आता बाकं वाजतील. वाजली नाहीत. तिचा प्रश्न संपला, सरांचं उत्तर संपलं, मग मुलं उठली. मी मयूरीकडे बघितलं. ती म्हणाली, "रविवारपासून आम्ही ठरवलंय."

निघताना अक्कांनी माझ्या पिशवीत बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, शिवाय शेव आणि लाल तिखट कोंबलं. कोकम सरबताची बाटली मी त्यांना दिली. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "हाई औषध शे का?"

आता तुम्ही

आता तुमच्याशी बोलते. होय, तुमच्याशीच, जे पुण्यात राहता, कॉलेजात शिकवता किंवा शिकता, आणि हे वाचून 'छान लिहिलंय' म्हणून पान उलटणार आहात.

सभेचं आयोजन करणाऱ्यांना मी लिहून मागणी केली आहे, की मराठीत बोलू द्या. ते विचार करतायत. त्यांच्याशी मी बघून घेईन, ते माझ्यावर सोडा. पण माणसं खुर्चीतून उठतात की बसून राहतात, हे कुठल्या नियमावलीत लिहिता येत नाही. ते तुम्हीच ठरवता.

सभा सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी आहे आणि सगळ्यांना खुली आहे. मागच्या रांगेत पांढऱ्या टोपीतला एक उंच माणूस बसलेला असेल. तो भाषण ऐकायला आलेला नसेल, ते त्यानं ऐकलंय. तो तुमच्या खुर्च्यांकडे बघत असेल. मयूरी बोलायला उभी राहील तेव्हा जेवणाची वेळ झालेली असेल. बाहेरगावच्या कॉलेजांची पाळी तेव्हाच ठेवतात. वास येईल. पोटात कावळे ओरडतील. कदाचित हातोडीही वाजेल.

या. बसा. तिचं वाक्य संपेपर्यंत उठू नका.